चार मिलिमीटर मागचा चेहरा

मी एक जुना खोटा जबडा आहे.

दचकू नका मित्रांनो, कवळी नव्हे! कवळी बिचारी पेल्यात पोहते, माणसाबरोबर जेवायला तरी बसते. माझ्या नशिबी तेही नाही. मी अंगाने पोलादी. मागे बिजागरी, पुढे एक उभी पिन, आणि मधे दोन हात, एक वर, एक खाली. ज्याच्या तोंडाचा अभ्यास करायचा, त्याच्या दातांचे प्लास्टरचे साचे या दोन हातांवर बसवायचे. बसवले की मी हुबेहूब त्याच्यासारखा तोंड उघडतो आणि मिटतो. कागदोपत्री मला आर्टिक्युलेटर म्हणतात. पण एवढं लांबलचक नाव घेईपर्यंत माणसाचाच जबडा दुखायला लागतो, म्हणून इथे सगळे मला 'खोट्या' म्हणतात. मीही ओ देतो. म्हणजे, दिली असती.

मला घडवलं ते वजनकाटे बनवणाऱ्या एका कारागिराने. माणूस भारी खडूस. माझी बिजागरी तो कानाशी धरून हलवायचा. जरा कुरकुरली की परत घासायला घ्यायचा. "अरे, याच्यावर कुणाचं तरी तोंड बसणार आहे," असं स्वतःशीच पुटपुटायचा. तेव्हा मला वाटायचं, म्हाताऱ्याला वेड लागलंय. कुणाचं तोंड माझ्यावर कशाला बसेल?

पहिली काही वर्षं मी दाताच्या कॉलेजात काढली. तिथल्या पोरांनी माझ्याकडून अभ्यास सोडून सगळं करून घेतलं. एकदा मला सरांच्या कोटाच्या शेपटीला लावलं, आणि सर तसेच अख्खं व्याख्यान देऊन गेले. मी मागून चावून धरलेलं. खरं सांगतो, एवढी मजा मला पुन्हा कधी आली नाही.

मग मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत आलो आणि पावडरमामाच्या हाती पडलो. हा इथला तंत्रज्ञ. केसात प्लास्टर, भुवयांत प्लास्टर, चहाच्या कपावर प्लास्टर, म्हणून पावडरमामा. वय पन्नाशीचं, खोड्या पाचवीतल्या. नवीन नर्स आली की हा प्लास्टरचे दात खिशात घालून जायचा आणि शिंकून ते टेबलावर सांडायचा. नर्स किंचाळायची, हा गंभीर चेहऱ्याने एकेक दात वेचायचा.

पण माझ्यासमोर बसला की मामाचा हात बदलायचा. कारण इथे माझं काम फार वेगळं होतं. काही माणसांचे जबडे जन्मापासून वाकडे वाढतात. कुणाचा खालचा पुढे पळतो, कुणाचा मागे राहतो, कुणाचे पुढचे दात एकमेकांना कधी भेटतच नाहीत. अशांचा जबडा कापून, सरकवून, नीट जागी बसवतात. आणि माणसाच्या आधी ते सगळं माझ्यावर व्हायचं. मामा बारीक करवतीने प्लास्टरचा जबडा कापायचा, मापाने सरकवायचा, मेणाने चिकटवायचा. मग दोन्ही दातांच्या मधे बसेल अशी एक पारदर्शक पट्टी बनवायचा, घोड्याच्या नालासारखी, वर-खाली दातांचे खड्डे असलेली. ऑपरेशनमध्ये सर्जनबाई तीच पट्टी दातांत बसवायच्या, आणि हाडाला कळायचं की आपण कुठे थांबायचं. चेहऱ्याची रंगीत तालीमच ती! आणि रंगमंच मी. त्या कारागिराला वेड लागलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

पुढे कॉम्प्युटर आला. जबडे पडद्यावर कापले जाऊ लागले, पट्टी मशीनमधून छापून येऊ लागली. काम झकास, खोटं कशाला बोलू? पण मी फडताळात गेलो. लोक माझ्या दातांच्या जागी रजेचे अर्ज अडकवायचे. बिजागरीत धूळ बसली. मामा मात्र अधूनमधून मला काढायचा, तेलाचा थेंब सोडायचा, आणि पडद्यावरचा हिशोब एकदा माझ्यावर ताडून बघायचा. तरुण डॉक्टर हसायचे. "मामा, जग चंद्रावर गेलं, तुम्ही अजून प्लास्टरमध्ये!"

"जाऊ दे की," मामा म्हणायचा. "परत येईल तेव्हा इथेच असेन मी."

तर मित्रांनो, एके दिवशी मामाने माझ्यावर एका मुलीचे दात चढवले. तिची गोष्ट सांगायचीय म्हणून तर एवढं पाल्हाळ लावलं.

मुलगी तेवीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम चढवायच्या, कानामागे बोट घालून काड्या वाकवायच्या, आणि समोर आरसेच आरसे. तिचा वरचा जबडा लांबट, खालचा मागे. ओठ सहज मिटायचे नाहीत. पुढच्या दातांनी साधा ब्रेडचा तुकडा तुटायचा नाही. झोपली की श्वास अडकायचा, आणि संध्याकाळी कानापुढचा सांधा ठणकायचा. दीड वर्ष दातांना तारा लावून झाल्या होत्या. ऑपरेशन चार दिवसांवर आलं होतं. दोन्ही जबडे हलवायचे होते. आधी वरचा, मग खालचा.

ही 'आधी वरचा' भानगड जरा समजून घ्या. वरचा जबडा सुटा केल्यावर त्याला नव्या जागी बसवायचं कुणाच्या आधाराने? तर अजून न कापलेल्या खालच्या जबड्याच्या. मधे पट्टी. म्हणजे खालचा जबडा मुळात कुठे आहे, तेच चुकीचं धरलं, तर वरचा चुकणार, आणि मग वरच्याच्या आधाराने खालचाही चुकणार. गंमत म्हणजे दात एकमेकांना बरोब्बर बसतील. कुणाला शंकासुद्धा येणार नाही. फक्त सगळा चेहराच चुकीच्या जागी जाऊन बसेल.

मामाने मेणात घेतलेल्या तिच्या चाव्यावरून साचे माझ्यावर बसवले. मला मिटलं. उघडलं. पुन्हा मिटलं. मग भुवया चढवून खुर्ची पुढे ओढली.

दात झिजतात, मित्रांनो. माणूस झोपेत दात खातो, म्हणजे दातावर दात रगडतो, आणि जिथे दाताला दात लागतो, तिथे छोटासा सपाट ठिपका पडतो. या मुलीच्या दातांवर असे ठिपके स्पष्ट होते. पण मी मिटलो की ते ठिपके एकमेकांना भेटतच नव्हते! भलतीच टोकं टेकत होती, आणि ठिपके बिचारे रिकामे लोंबकळत होते.

मामाने माझा मागचा स्क्रू सैल केला. खालचा साचा बोटाने हळूच मागे ढकलला. एक मिलिमीटर. दोन. तीन. चार.

खट्ट.

ठिपक्यावर ठिपका. किल्ली कुलुपात बसावी तसा मी मिटलो. इतकी वर्षं मुकाट काम केलं, पण त्या दिवशी मी बोललो, असं मला आजही वाटतं.

मामा मला दोन्ही हातांत धरून सर्जनबाईंच्या खोलीत पळाला. बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, चष्मा कपाळावर.

"बाई, ही पोरगी जबडा पुढे धरून चावलीय."

"मामा, तीनदा माप घेतलंय."

"तिन्ही वेळा धरून चावलीय. तिला माहीतसुद्धा नसेल. हे ठिपके बघा."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर आणला. मला उघडलं, मिटलं. ठिपक्यांवरून नख फिरवलं. मग म्हणाल्या, "कॉम्प्युटरला आपणच चुकीचा चावा दिला. तो तरी काय करणार? बोलवा तिला."

दुसऱ्या दिवशी ती आली, सोबत तिचे वडील. वडील बस चालवायचे. हात मोठे, आवाज मोठा, आणि दवाखान्यात शिरल्यापासून दोन्ही बारीक झालेले.

"मी मुद्दाम काही नाही केलं," ती म्हणाली. "माझे दात असेच बसतात."

"अगं, कुणी चोरी लावत नाहीये तुला," बाई म्हणाल्या. "जबड्याला सवय लागते. आज सवयीला जरा दमवू."

पुढच्या दातांत कापसाची गुंडाळी धरून तिला अर्धा तास बसवलं. स्नायू थकले की जबडा आपल्या घरी परततो, असा हिशोब. अर्ध्या तासाने कापूस काढला, बाईंनी हनुवटीला बोट लावलं, आणि हनुवटी पुन्हा टुणकन पुढे! भिंतीवर आरसा होता ना. आरसा दिसला की पोरीचा जबडा सावधान व्हायचा. दुकानात दिवसभर हेच तर चालायचं.

बाईंनी मामाकडे बघितलं. मामाने टॉवेल घेतला आणि आरशावर टाकला. मग तिच्या पर्सशेजारी पडलेला, तिने दुकानातून सोबत आणलेला फ्रेमचा डबा उचलला.

"ताई, एक गिऱ्हाईक आलंय," असं म्हणत त्याने एक फ्रेम उघडली आणि मला चढवली. "यांना शोभेल का ही?"

ती आधी गोंधळली. पण धंद्याचा माणूस शेवटी धंद्याचा. मान तिरकी करून तिने मला न्याहाळलं.

"नाक नाहीये यांना. टिकणार नाही."

"कानही नाहीत. पण गिऱ्हाईक हट्टी आहे." मामाने माझं तोंड उघडमिट केलं आणि घोगरा आवाज काढला, "मला लांबचं दिसत नाही हो!"

"डोळे कुठायत तुम्हाला?"

"म्हणूनच दिसत नाही!"

तिला फस्सकन हसू आलं. बाबा मागून बोलले, "दोन घेतले तर एक फुकट देता का म्हणून विचारतोय तो," आणि मग ती खदाखदा हसली. खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं. आणि हसता हसता तिचा जबडा सुटला. अलगद, गाडीने उतारावर न्यूट्रलमध्ये मागे घसरावं तसा.

"हलू नकोस!" बाईंचं मेण तोवर तोंडात गेलंही होतं.

मेण बाहेर आलं. मामाने तिथल्या तिथे साचे त्यावर धरले. ठिपक्यावर ठिपका. चार मिलिमीटर.

ती मात्र उठली, टॉवेल बाजूला केला आणि आरशात बघितलं. जबडा अजून सैल होता. हसू कुठल्या कुठे गेलं.

"ही मी नाहीये," ती म्हणाली.

"हीच तू आहेस," बाई म्हणाल्या. "ऑपरेशन हिचं करायचंय. पुढे धरलेल्या त्या दुसरीचं केलं असतं, तर ही तशीच मागे राहिली असती."

चार दिवसांचं काम दोन दिवसांत नव्याने झालं. नवं माप, नवा हिशोब, नवी पट्टी. ऑपरेशनच्या दिवशी बाई म्हणाल्या, "खोट्याला आत घ्या." प्लास्टरसकट मला उकळता-बिकळता येत नाही, म्हणून एका पारदर्शक पिशवीत बंद करून दूर कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवलं. मामा टोपी घालून शेजारी उभा. त्या दिवशी त्याने एकही खोडी काढली नाही.

मित्रांनो, हजारो जबडे माझ्यावर कापले गेले, पण ते प्लास्टरचे. खरं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पोरगी गाढ झोपेत होती. श्वासाची नळी नाकातून गेलेली. चेहऱ्यावर बाहेरून एक ओरखडाही नाही, सगळ्या चिरा ओठांच्या आतून. बाईंनी मोजून मापून हाड कापलं, मग दोन्ही हातांनी हळूच दाब दिला, आणि वरचा अख्खा जबडा, दातांसकट, टाळूसकट, खाली आला. सुटा. पण मेलेला नाही! गुलाबीच होता. मागच्या मांसातून त्याला रक्त पोचत होतं. घर जागेवरून हललं होतं, पण घरातला दिवा विझला नव्हता. मी पोलादाचा आहे, मला काटा येत नाही. तरीही काहीतरी आलं.

बाईंनी पट्टी बसवली. खालचा जबडा, तोच, आपल्या खऱ्या जागी सैल पडलेला, वर आणला. दात खड्ड्यांत गेले.

"बसलं," बाई म्हणाल्या.

मामाने डोळे मिटून घेतले. मग टायटॅनियमच्या इवल्याशा पट्ट्या, तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू. मग खालचा जबडा दोन्हीकडून उभा चिरून पुढे सरकवला, दुसरी पट्टी, पुन्हा स्क्रू. चार तासांत एक माणूस तोच राहून वेगळा झाला. देवाने वीस वर्षं घेतली त्या कामाला, आणि तरी चुकवलं! हे मी हसत म्हणतोय, पण त्या खोलीत कुणी हसत नव्हतं. सगळे हळू बोलत होते, जणू काही तिथे कुणी मोठं येऊन बसलंय.

आता खरी परीक्षा. ती पोरीची नव्हे, बापाची.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा प्रयोगशाळेच्या दारात उभे. "येऊ का?" म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता स्टुलावर बसले.

"मामा, ती माझी पोरगी वाटत नाहीये हो. चेहरा नुसता भोपळा झालाय. ओठ बधिर, नाक चोंदलेलं, लाळ गळतेय तेही तिला कळत नाही. दात रबरांनी बांधलेत. सिरिंजने सूप पाजतोय. पाटीवर लिहिलं तिने मघाशी, 'कशाला केलं हे?' काय सांगू मी तिला?"

मामाने हातातलं काम खाली ठेवलं. "तिसरा दिवस सगळ्यात वाईट, ड्रायव्हरसाहेब. सूज आजच कळसाला असते. उद्यापासून उतरायला लागेल. चेहरा नीट दिसायला काही आठवडे, आणि शेवटची सूज जायला महिने. हनुवटीचा बधिरपणा हळूहळू जातो, मुंग्या यायला लागल्या की समजा परत येतोय. कधीकधी थोडासा राहतोही, बाईंनी ते आधीच सांगितलंय. सहा आठवडे चावायचं नाही. वजन उतरेल. उलटी आली तर रबरं कापायची कात्री तिच्या उशाशी आहे ना? ती हलवू नका. आणि आज रडते म्हणून घाबरू नका. तिसऱ्या दिवशी सगळे रडतात. दाढीवाले पैलवानही."

बाबा मला बघत होते. माझ्यावर अजून तिचेच दात होते.

"ती जबडा पुढे का धरायची, माहितीये?" ते म्हणाले. "लहानपणी मी तिला हनुवटीचोर म्हणायचो. लाडाने हो! पाहुण्यांसमोर म्हणायचो, 'आमच्या हनुवटीचोराला बोलवा.' सगळे हसायचे. तीही हसायची. मला वाटलं, आवडतं तिला." ते थांबले. "दहा-बारा वर्षं ती पोरगी माझी थट्टा तोंडात धरून फिरली, मामा."

ऐकणारा कोण, तर मामा. आयुष्यात सगळ्यांना नावं ठेवणारा हा माणूस! स्वतः पावडरमामा, मी खोट्या, भंडारपाल 'ढेकूण', नर्स 'शिट्टी'. त्याने नुसता चहा ओतला. कपावर प्लास्टर होतंच. दोघांनी तसाच प्यायला.

बाबा उठताना म्हणाले, "जातो. पाटीवर तिला उत्तर लिहायचंय." काय लिहिलं ते मला माहीत नाही, आणि मी विचारू शकत नाही. पण त्या संध्याकाळपासून ती सूप नीट प्यायला लागली, असं शिट्टीने सांगितलं. म्हणजे, वॉर्डातल्या नर्सबाईंनी. मामाने त्या दिवसापासून त्यांना शिट्टी म्हणणं सोडलं, तर मी तरी का म्हणू?

दोन महिन्यांनी ती नव्या मापासाठी आली. पाच किलो उतरलेली, तारा अजून दातांवर, खालच्या ओठाची एक बाजू थोडी झोपलेली. दातांचा ठसा घ्यायचा लगदा कालवायची मामाची तयारी चालली होती. बाहेर बाकावर ती आणि बाबा बसले. दार उघडं होतं, म्हणून मला दिसत होतं.

सकाळी लवकर निघालेली बिचारी. बसल्या बसल्या डोळा लागला. मान भिंतीला टेकली.

आणि मित्रांनो, तिचे ओठ मिटलेले होते. कुणी धरलेले नव्हते, आपोआप मिटलेले. श्वास नाकातून, सावकाश, कुठेही न अडकता येत-जात होता. समोर भिंतीवर आरसा होता. त्यात तिचा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्याची राखण करायला कुणी जागं नव्हतं. जागेपणी जसा होता, अगदी तसाच तो झोपेतही होता.

मामा लगद्याचं भांडं घेऊन दारात आला. "चला ताई, मापाला..."

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

लगदा चार मिनिटांत घट्ट होतो. भांड्यात तो दगड झाला. मामा भांडं हातात धरून तसाच उभा राहिला. सगळ्या हॉस्पिटलात ज्या दोघांचे आवाज सगळ्यात मोठे, ते दोघे श्वाससुद्धा दबकत घेत होते.

मित्रांनो, मी आता फार कामाचा राहिलेलो नाही. पण माझं एक ऐका. मापाला बसाल, तेव्हा चेहरा सजवून बसू नका. डॉक्टरसमोर तुमचं वाकडं-तिकडं, जसं असेल तसं खरं तोंड घेऊन जा, नाहीतर इलाज भलत्याचाच होईल. शस्त्रक्रियेनंतर कुणी सुजून भोपळा झालं असेल, तर त्याला आरसा नका दाखवू, दिवस मोजायला मदत करा. आणि थट्टा जरूर करा, मी स्वतः थट्टेवर जगलोय. पण कुणाच्या तोंडावरून नाव ठेवू नका. मला वर्षातून एकदा बिजागरीत तेलाचा थेंब टाकला की मी कुरकुरत नाही. माणसाच्या जबड्याला तेल घालता येत नाही. तो सैल सुटतो तो फक्त तिथे, जिथे त्याला कुणाला काही दाखवायचं नसतं.